सानप सरांचा मीटर

सानप सर नव्या माणसाला पहिल्या भेटीतच मुद्दाम चिडवतात. नाव-गाव, चहापाणी सगळं नंतर. मी शेवगावच्या कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी ते स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मराठी? म्हंजे दुसरं काही जमलं न्हाई, व्हय?"

मी एसटीत दोन तास उभा राहून आलेलो. जो बोलत सुटलो तो थांबलोच नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "अर्धवाहक. लई चांगला. बसा, चहा घेऊ."

सर भौतिकशास्त्राचे. अर्धवाहकांचा धडा शिकवताना ते गरम तेलात एका बाजूला तांब्याच्या तारेचं वेटोळं सोडायचे, दुसऱ्या बाजूला अर्धवाहकाचा मण्याएवढा तुकडा, आणि पोरांना मीटर दाखवायचे. तांबं तापलं की विजेला जास्त अडवायला लागतं. अर्धवाहकाचं उलटं, तो तापला की वीज सहज जाते. वर्गात हे ठीक होतं. सरांनी ते माणसांना लावलं. रागात गप्प होणारा तो धातू, रागात बोलणारा तो अर्धवाहक. "गार असताना सगळेच गोड असतात हो," असं त्यांचं म्हणणं.

कॅन्टीनच्या रशीदभाईंना ते म्हणाले, "ह्याला चहा म्हणायला जिगर पाहिजे." रशीदभाई एक शब्द बोलले नाहीत, पण दोन दिवस सरांच्या कपात साखर पडली नाही. वहीत नोंद झाली, धातू. हेडक्लार्कवर मात्र कशाचाच परिणाम होईना. "ते अभ्रक हाय, कितीबी तापवा, वीज जात न्हाई," म्हणून सरांनी नाद सोडला.

माझा निकाल पहिल्या दिवशीच लागला होता, तरी मला रोज डिवचायचे. "कवितेवर पंप चालतो का हो, मराठी?" मी वैतागलो होतो. तपासणीच्या फायली, सहा पोरांचा वर्ग, वर हे ऊन, आणि त्यात रोज हा माणूस. तरी रोज अर्धा तास भांडायचोच. एकदा कंटाळून विचारलं, "आता काय राहिलंय माझं तपासायचं?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "न्हाई, तुमी बोलता म्हणून. घरी कोणी बोलत न्हाई."

तेव्हा अर्चनाचं कळलं. सरांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर घरात ही दोघंच. तिनं श्रीरामपूरचा एक मुलगा पसंत करून घरी आणला. सरांनी पोह्यांची बशी पुढं करतच विचारलं, "तुमच्या पगारात माझ्या पोरीच्या चपला तरी येतील का?" मुलगा खाली बघत गप्प बसला. सरांनी त्याच्या तोंडावर निकाल दिला, "धातू. अडचणीत अडून बसणार. नको."

अर्चना उठली. बशा उचलून आत गेली. त्याच मुलाशी लग्न केलं आणि वडिलांशी बोलणं बंद. सर दर रविवारी फोन लावायचे आणि ती बोलावी म्हणून काहीतरी लागट बोलायचे. ती फोन ठेवून द्यायची. असं दोन वर्षं चाललं.

यंदा सर निवृत्त झाले. अर्चनाची पत्रिका त्यांनी स्वतः पोस्टात टाकली होती. कार्यक्रमात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या, त्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या. नंतर प्रयोगशाळेत मी त्यांना सामान आवरायला मदत करत होतो. सर मला एकदाही टोचून बोलले नाहीत. मला ते बघवेना.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही आयुष्यभर चुकीचं शिकवलंत. तांबं तापलं की वीज जास्त सहज जाते."

"काय?" सर कडाडले. "अहो मराठी, लाज वाटू द्या जरा!" शाल फेकली, बर्नर पेटवला, तार तेलात सोडली. "बघा मीटर! अडवतंय का न्हाई? आता बाहेर काढली. हात लावू नका. काही करायचं न्हाई, नुसतं थांबायचं. बघा, आकडा उतरतोय. गार झालं की तांबं पयल्यासारखं..."

आणि सर तिथंच थांबले. मीटरचा आकडा मूळच्या जागी आला तरी ते त्याच्याकडेच बघत होते.

"मराठी," ते हळूच म्हणाले, "मी दोन वर्षं तार तेलातून काढलीच न्हाई हो."

त्यांनी फोन लावला. पलीकडून उचलला गेला. "अर्चना, मी," एवढंच म्हणाले आणि गप्प राहिले. त्या माणसाला गप्प राहणं किती जड जात होतं ते मी बघत होतो. दोनदा ओठ उघडले, दोनदा मिटले. मला वाटलं, फोन बंद झाला असेल.

"हां," सर एकदम म्हणाले. "झाला कार्यक्रम. शाल दिली." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. "न्हाई गं, जेवलो न्हाई अजून. तू जेवलीस? आणि जावईबापू?"

बर्नर तसाच जळत होता. मी तो बंद केला.