जप्त केलेला बटाटा

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता. पण तो आपल्या गोष्टीत नाही. उंदरांच्या दुखण्यात सिंहाला काय रस असणार? तेव्हा त्याला झोपू द्या आणि आपण खाली बिळात उतरू.

तिथे उंदरांचं मोठं गाव होतं. गाव म्हटलं की खाती आलीच. खोकल्याचं खातं वेगळं, तापाचं खातं वेगळं. ज्याला खोकला आणि ताप दोन्ही असायचे, तो बिचारा दोन्ही रांगांत उभा राहून मरायचा.

या गावात सगुणा नावाची एक उंदरीण होती. तिच्या दोन्ही पोरांना साळिंदरबुवांनी लस टोचली होती. साळिंदरबुवा म्हणजे गावाचे वैद्य. क्षयाचे जिवंत जंतू ते बटाट्यावर वाढवत, वर्षभर त्यांना दमवून दमवून अर्धमेले करत आणि मग आपल्याच काट्याच्या टोकाने उंदरांना टोचत. सुईचा खर्च नाही. लस क्षयाच्या खोकल्यावर होती आणि खोकला खात्याची तिला मंजुरीही होती.

मग एकदा तापाची साथ आली. हा ताप वेगळ्याच जंतूंचा, घाण पाण्यातून आलेला. शेजारची पिल्लं पटापट गेली. सगुणेची दोघं जरा कुडकुडली आणि पुन्हा दाण्यांवरून भांडायला लागली.

सगुणा वैद्यांकडे गेली. “बुवा, लस तर खोकल्याची. मग ताप कसा हटला?”

“अगं, अंगात पहारेकरी असतात,” साळिंदरबुवा म्हणाले. “एरवी पेंगत असतात मेले. हे अर्धमेले जंतू आत जाऊन त्यांना सारखे डिवचतात. एकदा जागे झाले की मग ते कुणाचं नावगाव विचारत नाहीत. दिसेल त्या जंतूला बडवतात.”

“म्हणजे आता कायमची काळजी मिटली?”

“ते मला ठाऊक नाही. कधीतरी पुन्हा पेंगतील. फारच चेकाळले तर घरच्यांनाही दोन लगावतील. पण झोपलेल्या पहाऱ्यापेक्षा बरं.”

सगुणेला नुकतीच पुन्हा पिल्लं झाली होती. गुलाबी, बिनकेसांची, डोळे मिटलेली. “डोळे उघडले की घेऊन ये,” बुवा म्हणाले. तेव्हापासून सगुणा पिल्लांच्या पापण्यांकडेच बघत बसायची.

इकडे ही बातमी ताप खात्यात पोचली. खात्याचे प्रमुख होते धवलराव. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. ते शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत राहून आले होते, म्हणून गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तिथे पिंजऱ्याच्या आत होते की बाहेर, हे कुणी विचारलं नाही.

धवलराव तडक साळिंदरबुवांच्या दारात आले. “खोकल्याची लस तापाला हात लावते? कुणाच्या परवानगीने?”

“साहेब, पिल्लं वाचली,” बुवा म्हणाले.

“वाचली असतील. आमच्या खात्यामार्फत वाचली नाहीत. आणि जंतू जिवंत म्हणे. मारून का टोचत नाही?”

“मेलेल्यांना बघून पहारेकरी कशाला उठतील?”

“उलट बोलू नका. बटाटा जप्त.”

नेमके त्याच दिवशी पिल्लांचे डोळे उघडले. सगुणा त्यांना तोंडात धरून एकेक करत वैद्यांकडे घेऊन आली. बुवा रिकाम्या फळीसमोर बसले होते.

“दुसरा करा ना, बुवा.”

“नवे जंतू दमवायला वर्ष लागतं गं.”

सगुणा धावत कचेरीत गेली. “साहेब, काट्याच्या टोकावर येईल एवढंच द्या. काही झालं तर दोष माझा.”

“बाई, तो बटाटा घातक आहे,” धवलराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “तुमच्याच भल्यासाठी आम्ही तो नष्ट करणार आहोत.”

त्यासाठी खात्यातल्या सगळ्यांची समिती बसली. जाळावा, तर जंगलात आग पेटवायला बंदी. पुरावा, तर उगवायचा. ओढ्यात टाकावा, तर पाणी खातं हरकत घेणार. शेवटी समितीने दार आतून लावून घेतलं आणि बटाटा नष्ट केला. मुलांनो, उंदरांच्या कचेरीत बटाटा कसा नष्ट होतो, हे काही तुम्हाला सांगायला नको. एकेक फोड सगळ्यांनी घरीही नेली, धवलरावांनी सर्वांत मोठी. तिथे ती मुलाबाळांनी नष्ट केली.

पुढे तापाची साथ पुन्हा आली. सगुणेची मोठी दोघं या वेळीही तरली. धाकट्यांपैकी मात्र एकही राहिलं नाही. सगुणा त्यांची अंगं चाटत बसली होती, ती गार पडल्यावरही चाटतच राहिली. तिची जीभ थांबेना.

साथ ओसरल्यावर सत्कार समारंभ झाला. गावात घरोघरी कुणी ना कुणी गेलं होतं, पण ताप खात्यातला एकही कर्मचारी दगावला नव्हता. त्यांची मुलंही ठणठणीत होती.

“हे शिस्तीचं फळ आहे,” धवलराव गळ्यातला हार सावरत म्हणाले. “शिस्त अंगात असली की ताप जवळ येत नाही.”

गर्दीतून सगुणा उठली. “साहेब, त्या बटाट्याचं काय केलंत?”

“नियमाप्रमाणे नष्ट केला.”

“पण कसा?”

धवलराव मिशा साफ करू लागले. मागच्या बाकावर खात्याचा म्हातारा शिपाई डुलक्या घेत होता. बटाटा म्हटल्यावर तो जागा झाला.

“जरा कडू होता,” तो म्हणाला.

सभेत कुणी हसलं नाही. सगुणेला रडूही आलं नाही. तिला राग आला.

“माझ्या पिल्लांच्या वाटणीचा होता तो, साहेब.”

धवलराव हुशार होते. बटाटा आणि ताप यांचं गणित त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला: हा बटाटा जनतेसाठी फारच घातक असल्याने वैद्यांनी दरवर्षी साथीच्या आधी असा एक बटाटा तयार करावा आणि ताप खात्याकडे नष्ट करण्यासाठी सोपवावा. कर्मचारी वाढल्यास दोन.

त्याच दिवशी कचेरीत झाडूवालीची एक जागा निघाली. दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आतच सगुणा दाराशी जाऊन उभी राहिली. तिला पुन्हा दिवस गेले होते.

तात्पर्य: लस टोचून घेण्यासाठी उगाच वैद्याकडे धावू नये. ती नष्ट करणाऱ्या समितीत शिरावं. प्रतिकारशक्ती तिथेच चांगली वाढते.