कॅप्टन किस्किलाचा रक्तदाब

"या वेळी डॉक्टरच माझ्याकडून तब्येतीचे धडे घेतील!" ओउलूच्या विमानतळावर आर्मास किस्किलानं चारचौघांत ठणकावून सांगितलं. वैमानिकांची वैद्यकीय तपासणी पार पडली, की नव्याकोऱ्या विमानाचा कॅप्टन तोच! नापास झाला, तर ती खुर्ची कंपनीतल्याच दुसऱ्या वैमानिकाला, पेंटीला. आणि पेंटीला स्वतःची टोपीसुद्धा सरळ घालता येत नाही, असं आर्मासचं ठाम मत होतं.

रक्तदाब चढू नये, म्हणून गड्यानं कॉफीच सोडली. फिनलंडच्या माणसानं कॉफी सोडायची म्हणजे माशानं पाणी सोडायचं! तोंड नुसतं शिवशिवायचं. मग चघळायला ज्येष्ठमधाच्या काळ्या, खारट गोळ्या आल्या. रोज एक पाकीट, कधी दोनही.

"अरे, जीभ बघ तुझी! डांबरी रस्ता झालाय नुसता," बायको सिर्क्का म्हणाली.

"मुळी आहे ती, औषधी! घशाला उत्तम!"

तपासणीच्या दिवशी डॉक्टर तुओवीबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली आणि भुवया उंचावल्या.

"बापरे! फारच चढलाय. दारू?"

"थेंबही नाही!"

"सिगारेट?"

"छे!"

"कॉफी?"

"महिना झाला सोडून!" आर्मासची छाती फुगली.

"मग जरा बाहेर शांत बसा."

शांत बसायचं म्हणून त्यानं बाहेर मूठभर गोळ्या चघळल्या. परत मोजला, तर आकडा आणखी वर! आर्मासच्या डोळ्यांपुढे नव्या विमानात बसलेला पेंटी दिसायला लागला.

"जीभ दाखवा," बाई म्हणाल्या. त्यानं दाखवली. बाई चक्क मागे सरल्या.

"अहो, ज्येष्ठमधाच्या गोळ्या ना? त्यांनीच रक्तदाब चढतो! आजपासून बंद. पंधरा दिवसांनी या. आणि कृपा करून कॉफी प्या!"

कंपनीनं कुरकुरत तेवढी मुदत दिली. आर्मासनं गोळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पंधरा दिवसांनी रक्तदाब एकदम झकास! बाईंनी प्रमाणपत्रावर सही ठोकली.

"जिंकलो!" आर्मास खुर्चीतून असा उसळला, की कमरेत कट्कन आवाज झाला. गडी वाकला तो वाकलेलाच राहिला.

"काय झालं?"

"कुठं काय! बुटाची नाडी बांधतोय."

"तुमच्या बुटांना नाड्या नाहीत, कॅप्टन." बाईंनी प्रमाणपत्र उंच धरलं. "सरळ उभे राहा आणि घ्या."

"खालीच ठेवा ना, डॉक्टर," आर्मास जमिनीकडे बघत म्हणाला. "मी आलोच आहे इथवर!"