उकडलेल्या कोबीची वही

वजन कमी करणं म्हणजे नुसता हिशेब आहे, हिशेब! लोक उगाच बाऊ करतात. कुणी धावतं, कुणी दोरीवरच्या उड्या मारतं, कुणी जेवणापुढे बसून रडतं. अरे, पोटात किती गेलं ते लिहून काढा, रोज तेवढंच जाऊ द्या, विषय संपला! असं मी त्या दिवशी घरात जाहीर केलं, आणि तेही असं छाती काढून, की शर्टाचं तिसरं बटण तुटून बायकोच्या चहाच्या कपात पडलं.

तिने चमच्याने बटण बाहेर काढलं, बशीत ठेवलं आणि म्हणाली, "लिहा. हे पहिलं लिहा."

माझा आत्मविश्वास फुकटचा नव्हता. मी बिस्किटांच्या कारखान्यात सतरा वर्षं चव तपासतोय. भट्टीतून रोज अठ्ठावीस बॅच निघतात. प्रत्येक बॅचमधली तीन बिस्किटं माझ्या टेबलावर येतात: पहिल्या ट्रेमधलं, मधल्या ट्रेमधलं आणि शेवटच्या. मी चव घ्यायची आणि दहापैकी गुण द्यायचे. सातच्या खाली गेली की बॅच बाद! सतरा वर्षांत मी कुणाला दहा दिले नाहीत. माझ्याकडून नऊ मिळाले तर भट्टीवाला घरी फोन करून बायकोला सांगायचा.

आमचे प्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची माझीच, याबद्दल कारखान्यात दुमत नव्हतं. निदान माझं तरी नव्हतं. अडचण एकच. प्रमुखांची खोली भट्टीच्या वर, बेचाळीस लोखंडी पायऱ्या चढून. कंपनीच्या डॉक्टरने माझे गुडघे दाबले, मला काट्यावर उभं केलं आणि चष्म्यावरून बघत सांगितलं, "चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशीच्या खाली या, मग पायऱ्या चढा. तीस दिवस देतो."

सहा किलो, तीस दिवस. म्हणजे दिवसाला दोनशे ग्रॅम. हे काय गणित झालं?

योजना माझ्या धंद्यातूनच आली. माल रोज एकसारखा पडला तर बॅच रोज एकसारखी निघते. तेव्हा रोज तेच जेवण! सकाळी दोन उकडलेली अंडी. दुपारी दोनशे ग्रॅम उकडलेला कोबी आणि एक काकडी. रात्री पुन्हा दोनशे ग्रॅम कोबी आणि त्याच कोबीचं पाणी.

"अहो, रोज कोबी? महिनाभर?" बायकोने विचारलं.

"रोज! मीठ नाही, तेल नाही."

"आणि चवीचं काय?"

"चव मी कारखान्यात बघतो. घरी मला वजन बघायचंय!"

एक जाड वही आणली. रकाने आखले. तारीख, पदार्थ, ग्रॅम, खाणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. तपासणारी म्हणून मुलीची नेमणूक केली. ती कॉलेजात जाते, त्यामुळे घरात तिच्या सहीला वजन आहे.

"बाबा, कोबीची पण सही घ्यायची का?" तिने विचारलं. "त्याचाही जीव जातोय."

पहिले तीन दिवस मी वाघासारखा कोबी खाल्ला. चौथ्या दिवशी शेजारीण दार वाजवून विचारून गेली, की तुमच्याकडचं गटार तुंबलंय का. सहाव्या दिवशी मी ताटातल्या कोबीकडे बघत बसलो आणि मला स्पष्ट जाणवलं, की कोबीही माझ्याकडे बघतोय. पण खाल्ला! सही केली!

आठव्या दिवशी सकाळी काट्यावर चढलो. चौऱ्याण्णव पूर्णांक सहा.

मी उतरलो. पुन्हा चढलो. चौऱ्याण्णव पूर्णांक सहा!

"काटा बिघडलाय!" मी ओरडलो.

"काट्याला बोलू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला. "ह्या घरात सगळ्यात जास्त तोच सोसतोय."

मी काटा बाथरूममधून हॉलमध्ये आणला. हॉलमधून गॅलरीत नेला. एका पायावर उभा राहून पाहिलं, श्वास सोडून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. चष्मा काढल्यावर जरा बरं वाटलं, कारण आकडा दिसेना. मग पिठाची पाच किलोची बंद पिशवी काट्यावर ठेवली. बरोबर पाच! पिठापुरता काटा सज्जन होता.

म्हणजे घोटाळा मालात! मी कोबी उकडताना बायकोच्या मागे उभा राहू लागलो.

"काय बघताय?"

"काही नाही. लोणी वगैरे पडत नाही ना चुकून?"

तिने गॅस बंद केला. पळी माझ्या हातात दिली. "उद्यापासून तुमचा कोबी तुम्ही उकडा. मला ह्या वयात आरोपी व्हायचं नाही!"

तेव्हापासून मीच चिरायचो, मीच मोजायचो, मीच उकडायचो. पंधराव्या दिवशी काटा म्हणाला, पंचाण्णव पूर्णांक तीन. मी मटकन स्टुलावर बसलो. स्टूल कुरकुरलं, तेही मनाला लागलं. मुलगी वही उघडून पानं चाळत होती. "बाबा, ग्रॅमचाही फरक नाही. सगळ्या सह्या आहेत. तुम्ही कोबीवर जाड होणारा पहिला माणूस आहात!"

घरात असा अन्याय चालू असताना कारखान्यात मात्र नवल घडत होतं. आमची बिस्किटं सुधारली होती!

खरं सांगतो, काय ती बिस्किटं! तीच भट्टी, तीच माणसं, पण घास तोंडात गेला की डोळे आपोआप मिटायचे. साधं दुधाचं बिस्कीट, पण त्याचा खुसखुशीतपणा असा, की कुणीतरी कानात प्रेमाने माझं नाव घेतंय! पूर्वी मी एक तुकडा तोडायचो, चघळायचो, उरलेलं बाजूला. आता अर्धवट चव घेऊन गुण देणं मला अन्यायाचं वाटू लागलं. प्रमुख होणाऱ्या माणसाने बिस्कीट शेवटपर्यंत ऐकून घ्यायला हवं! शंका आली तर पुन्हा एक मागवायचो. शंका बरेचदा यायची.

माझ्या शेजारच्या टेबलावर नवी तपासनीस बसते. तिला आम्ही चिमणी म्हणतो, कारण ती दाण्याएवढा तुकडा टोचते, जिभेवर फिरवते आणि समोरच्या भांड्यात थुंकते. तसा नियमच आहे. पण नियम नवशिक्यांसाठी असतात. बिस्किटाची शेवटची चव घशात कळते, असं मी तिला नेहमी सांगतो.

"सर, आज सलग नऊ बॅचना दहापैकी दहा?" चिमणीने माझा तक्ता बघून विचारलं.

"माल चांगला आहे तर काय करू? खोटं लिहू?"

"नाही, पण चौदा नंबर जरा करपलंय."

"करपलेलं नाही ते, खरपूस आहे!"

भट्टीवाला खूश. पहिल्यांदा दहा मिळाले तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या आठवड्यात तो भट्टीकडे बघेनासा झाला. बघायचं कशाला? गुण येतच होते!

आणि मग तेविसाव्या दिवशी सव्वीस नंबरची बॅच आली.

चिमणीने टोचा मारला आणि तिचा चेहराच पिळल्या फडक्यासारखा झाला. तिने भांड्यात थुंकलं, पाणी प्यायलं, परत थुंकलं. "सर! हे... हे तुम्ही बघाच!"

मी बघितलं. एक खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरंही खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं. तेवीस दिवस बिनमिठाचा कोबी खाणाऱ्या माणसाला त्या बिस्किटात काय सापडलं, ते तुम्हाला कळायचं नाही. मी दहा गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'आयुष्याची चव सापडली. असंच चालू ठेवा.'

"सर, तुम्हाला खरंच..."

"तुझी जीभ अजून कच्ची आहे," मी मायेने सांगितलं. "वेळ लागतो."

भट्टीवाल्याने शेरा वाचला आणि आज्ञाधारकपणे तसंच चालू ठेवलं. सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरही तसेच निघाले. अकरा हजार पुडे गाडीत चढले.

तीन दिवसांनी फोन सुरू झाले. पहिला दुकानदार म्हणाला, "गोड बिस्कीट म्हणून मिठाचे खडे विकता का?" दुसऱ्याने एक पुडा बकरीला घातला होता. बकरी बादलीभर पाणी प्यायली आणि तेव्हापासून त्याच्या दुकानाकडे पाठ करून उभी राहते. एका आजोबांनी चहात बुडवलं आणि सुनेवर संशय घेतला. त्या घरात तीन दिवस अबोला! मिसळणाऱ्याने साखरेच्या जागी मिठाचं पोतं रिकामं केलं होतं. दोन्ही पोती सारखीच पांढरी. चूक कुणाच्याही हातून होते. ती पकडायलाच तर मला ठेवलेलं!

एकोणतिसाव्या दिवशी मालकीणबाईंनी वर बोलावलं. बेचाळीस पायऱ्या चढून गेलो तेव्हा मी भात्यासारखा वाजत होतो. खोलीत प्रमुख होते, चिमणी होती, भट्टीवाला होता आणि उद्याची तपासणी आजच उरकायला काट्यासकट आलेले डॉक्टर होते. मालकीणबाईंसमोर माझा शेरा लिहिलेला तक्ता होता.

"आयुष्याची चव," त्या शांतपणे वाचत म्हणाल्या. "इथे सतरा वर्षं तुमच्या जिभेवर डोळे मिटून विश्वास ठेवलाय मी. माणूस एकदा चुकू शकतो. जीभच गेली असेल तर मात्र तुम्हाला ठेवता येणार नाही. डोळे बांधा ह्यांचे."

प्रमुखपद राहिलं बाजूला, आता नोकरीच टांगलेली! चिमणीने माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. बांधताना ती पुटपुटली, "सर, हळू खा. थुंका."

पहिली बशी. चावलं, गिळलं. "उत्तम! दहा."

कुणीतरी सुस्कारा सोडला.

दुसरी बशी. "ह्यात जरा खारट छटा आहे," मी सावधपणे म्हणालो. "पण रुचकर. साडेनऊ."

डोळे बांधलेले, त्यामुळे तिसरी बशी कुठे आहे ते मला कळेना. मी टेबलावर हात फिरवला, गोल आणि चपटं काहीतरी लागलं, उचललं, कडाडून चावलं. जरा चिवट होतं. पण माणसाने न्याय सोडू नये.

"हे नवीन दिसतंय," मी म्हणालो. "हलकं. साखर कमी, शेवटी चहाचा मंद स्वाद. थोडं जास्त भाजायला हवं. आठ."

मग भट्टीवाल्याच्या घशातून उचकीसारखा आवाज आला.

"रुमाल काढा," मालकीणबाई म्हणाल्या.

काढला. तिसरी बशी अजून चिमणीच्या हातातच होती. माझ्या हातात मालकीणबाईंच्या कपाखालचा गोल पुठ्ठा होता. निम्मा.

"पहिली बशी करपलेल्याची, दुसरी सव्वीस नंबरची," त्यांनी सांगितलं. "तिसरी चांगल्या बिस्किटांची होती. तिची गरज पडली नाही."

मी काही बोलणार एवढ्यात डॉक्टरांनी मला काट्यावर ढकललं. सत्त्याण्णव!

"शक्यच नाही!" मी किंचाळलो. पिशवीतून वही काढली, टेबलावर आपटली. "हे बघा! एकोणतीस दिवस! ग्रॅम ग्रॅम लिहिलाय! सह्या बघा!"

डॉक्टरांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग चष्मा वर करून विचारलं, "आणि इथली बिस्किटं?"

"ती कारखान्याच्या तक्त्यात आहेत."

"ह्या वहीत का नाहीत?"

"डॉक्टर, ती मी खात नाही. ती मी तपासतो!"

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अठ्ठावीस बॅच, प्रत्येकी तीन. रोजची चौऱ्याऐंशी! शिवाय शंकेची वेगळी! सतरा वर्षं आकड्यांत घालवलेला मी, ही वही आणि तो तक्ता शेजारी ठेवून कधी पाहिलेच नव्हते! भट्टीवाल्याने मला खुर्ची दिली. चिमणीने सवयीने थुंकायचं भांडं पुढे केलं.

प्रमुखांची खुर्ची चिमणीला मिळाली. ती पायऱ्या दोन दोन करून चढते. माझं काय करायचं ते ठरायचं होतं. मालकीणबाई त्या अर्ध्या पुठ्ठ्याकडे बघत होत्या, उलटसुलट करत होत्या.

"चिवट म्हणालात ना?" त्यांनी विचारलं. "भाजायला कमी पडलाय?"

"हो," मी मान खाली घालून म्हणालो. "आतून ओलसर आहे. घड्या पडल्या तर उकलेल."

"आपली बिस्किटांची खोकी गेले वर्षभर गोदामात उकलतायत. कारण कुणाला सापडत नव्हतं. उद्यापासून पुठ्ठा विभागात या."

घरी सगळं सांगितलं. बायको हसून हसून भिंतीला टेकली. मुलीने वहीवर शेवटची सही केली आणि वही मिटली. बायकोने त्या संध्याकाळी कोबीला मीठ घातलं, तेल घातलं, आणि मी दोनदा मागून घेतला. दुसऱ्यांदा वाढताना तिने विचारलं, "आता तरी गुण द्या." मी म्हणालो, "माझे गुण आता कुणी धरत नाही गं."

पुठ्ठा विभागात महिना झाला. खोकी उचलून, दाबून, आपटून बघायची असतात, त्यामुळे वजन चार किलोने उतरलंय. खोकीही उकलत नाहीत. नवा माल आला की मी हाताने घडी घालून बघतो, उन्हात धरून बघतो, नखाने ओरखडून बघतो.

बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.