दोन ओळींची दुरुस्ती आणि मेव्हणीचं दार

स्पष्टच सांगतो, जुना कर्नल सांभाळावा तर मीच! बाकीच्यांनी फार तर नव्या कर्नलवर हुशारी करावी. नव्यावर कुणीही हुशारी करतं. लेकरू गोरंगोमटं असलं की कडेवर घ्यायला सगळी आळी धावते. म्हाताऱ्याचे पाय चेपायला कोण येतं? मी येतो.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमची कंपनी आपोआप उघडणारी काचेची दारं बनवते. दाराच्या डोक्यावर एक पेटी असते, पेटीत कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरच्या पोटात कर्नल नावाचा मुख्य प्रोग्राम. बाकीचे प्रोग्राम त्याला विचारल्याशिवाय शिंकतसुद्धा नाहीत. नवा कर्नल ज्यांच्याकडे आहे त्यांना मऊ खुर्च्या, फुकट कॉफी आणि मीटिंगमध्ये टाळ्या. जुना, म्हणजे 'स्थिर', माझ्याकडे. त्यात नवीन काही करायचं नाही. नव्यात ज्या बारीकसारीक दुरुस्त्या होतात त्या उचलायच्या आणि जुन्यात बसवायच्या. याला म्हणतात बॅकपोर्ट. म्हणजे धाकट्याचा शर्ट थोरल्याच्या अंगात घालायचा, आणि एकही बटण तुटता कामा नये! तुटलं नाही तर कुणी विचारत नाही. तुटलं तर सगळे विचारतात.

मला डिग्री नाही. जे आलं ते चुका करत, स्वतःच्या डोक्याने आलं. त्यामुळे डिग्रीवाल्यांची चूक सापडली की मला जो आनंद होतो तो लपवता येत नाही. तर अशीच एक चूक सापडली.

कर्नलची एक हेडर फाइल असते. तिच्यात कर्नलने बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द लिहिलेला असतो : मी 'एक' म्हणालो तर त्याचा अर्थ हा, 'शून्य' म्हणालो तर तो. आमच्या जुन्या हेडरमध्ये कुणा महाभागाने हेच उलटं लिहून ठेवलं होतं! दारासमोर माणूस उभा असला की वाचायचं 'कुणी नाही', आणि कुणी नसलं की वाचायचं 'माणूस आहे'. नव्या कर्नलमध्ये हे सुधारलं होतं. जुन्यात तसंच कुजत पडलं होतं.

इतकी वर्षं उलटं लिहिलेलं असूनही दारं बरोबर कशी उघडतात, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला नाही पडला. मला संताप आला होता. संतापलेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत, थेट उत्तरंच सुचतात.

दोन ओळी बदलल्या. खालची वर, वरची खाली. मग तपासायला दिलं कासवाला. कासव म्हणजे आमचा तपासनीस. त्याच्या सहीशिवाय काही बाहेर जात नाही.

"जरा बघतोस का?"

"किती ओळी?"

"दोन."

"दोन ओळींचं काय बघायचं? ठीक!"

"अरे, नजर तरी टाक!"

"हे बघ, हजार ओळी आल्या की वेळ नाही म्हणून बघता येत नाही. दोन आल्या की गरज नाही म्हणून बघावं लागत नाही."

"मग बघतोस कधी?"

"माझी बढती यायच्या आठवड्यात," कासव म्हणालं आणि दुसऱ्या कुशीवर वळावं तसं दुसऱ्या स्क्रीनकडे वळलं.

गेली दुरुस्ती बाहेर!

आता मेव्हणीकडे येतो. ती दातांची डॉक्टर. कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात, दुसऱ्यांच्या नावाखाली लोकांच्या दाढा काढत होती. शेवटी स्वतःचा दवाखाना काढला. पहिल्याच दिवशी, पहिला पेशंट म्हणून एका मोठ्या कारखान्याचे कल्याण अधिकारी येणार होते. त्यांचीच दाढ दुखत होती. त्यांचं समाधान झालं तर कारखान्यातले झाडून सगळे दात मेव्हणीकडे. नाही झालं तर पाटी उतरवायची आणि पुन्हा दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहायचं. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं. कुणापुढे कधी हात न जोडणारी बाई, तिने विचारलं होतं, "भाऊजी, सगळं नीट होईल ना?"

कारण दार मी बसवून दिलं होतं. आमच्या कंपनीचं, जुन्या कर्नलचं.

"अगं, स्थिर आवृत्ती आहे!" मी छाती काढून म्हणालो होतो. "उद्या छत कोसळलं तरी हे दार आपलं काम सोडायचं नाही!"

पुढे छत शाबूत राहिलं, एवढंच.

त्या सकाळी मी ऑफिसात नुकता टेकलो होतो. बायकोचा फोन आला. ती फुलदाणी घेऊन बहिणीच्या दवाखान्यासमोर उभी होती.

"अहो, दार बिघडलंय."

"शक्य नाही."

"मी जवळ गेले की ते बंद होतं."

"मग जरा मागे सरक."

"मागे सरकलं की उघडतं."

"उघडतं ना? मग झालं तर!"

"काय झालं? मागे सरकून आत कसं जायचं? माझी थट्टा करायला बसवलंय का हे दार?"

उलटं! दाराला माणूस दिसला की ते समजतं, कुणी नाही, करा बंद. माणूस गेला की समजतं, पाहुणे आले, उघडा! चुलत नातेवाइकांसारखं वागत होतं ते.

धावत दाराचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हेडरमध्ये उलटं आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून आम्ही आमच्याकडे परत उलटं करून घेतलं. उलट्याचं उलट, सुलट!"

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं का नाही?"

म्हणजे दोन उलट्यांनी मिळून संसार सुखाचा चालवला होता आणि मी त्यातल्या एकाला सुधारलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दारं नवी आवृत्ती पहाटे आपोआप घेतात. ही सोय कुणाची? माझीच.

दवाखान्यापाशी पोचलो तेव्हा दार आ वासून उघडं होतं, कारण समोर कुणी नव्हतं. बायको पलीकडच्या फुटपाथवर उभी. हातातल्या फुलदाणीत नुसते देठ. फुलांची मुंडकी दाराने छाटली होती. मेव्हणी आणि सासूबाई आतल्या बाजूला. पहाटेच साफसफाईला आल्या होत्या, दाराला अक्कल यायच्या आधी. आता बाहेर पडता येत नव्हतं.

"जावईबापू," सासूबाई काचेपलीकडून ओरडल्या, "किल्ली असते ना याला? हाताने उघडायची?"

"असते ना, आई!"

"कुठंय?"

"ऑफिसात. माझ्या ड्रॉवरमध्ये. हरवू नये म्हणून."

सासूबाईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते काच होती म्हणून निभावलं.

"मेन स्विच बंद करा," मी सुचवलं.

"म्हणजे माझी खुर्चीही बंद," मेव्हणी म्हणाली. "अधिकाऱ्यांची दाढ मेणबत्तीच्या उजेडात काढू का, भाऊजी?"

तेवढ्यात सासूबाईंनी टेबलावरचं कापड उचललं, स्टुलावर चढल्या आणि दाराच्या डोळ्यावर टाकलं. युक्ती उत्तम होती. दाराला माणूस दिसणारच नाही, म्हणजे ते उघडंच राहील! पण डोळा झाकला की दाराला वाटतं चोर आला आणि ते भोंगा वाजवतं. ही सुधारणासुद्धा... जाऊ द्या. भोंगा असा वाजला की समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. दार तेवढं उघडलं नाही. चोराला कोंडून ठेवणं हेही त्याला मीच शिकवलंय. सासूबाई कापडासकट खाली उतरल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. त्यानंतर त्या बराच वेळ मला 'जावईबापू' म्हणाल्या नाहीत, नुसतं 'हे' म्हणाल्या.

मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, ती दुरुस्ती मागे घ्या! आत्ताच्या आत्ता!"

"नाही घेता येणार."

"का?"

"सकाळी दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी नवीन हेडर बघून आपले प्रोग्राम सुलटे करून घेतले. आता तू पुन्हा उलटं केलंस तर त्यांची दारं बोंबलणार."

"पण माझी चूक झाली, साहेब!"

"कालपर्यंत ती चूक होती. पहाटे बाहेर गेली. आता तो कंपनीचा शब्द आहे. स्थिर म्हणजे काय, हे तूच नव्या मुलांना शिकवतोस ना?"

मीच शिकवतो. दरवर्षी, फळ्यावर लिहून.

"मग बाकीच्या दारांचं काय?"

"दारवाले त्यांचा प्रोग्राम बदलतायत. दुपारपर्यंत होईल सगळं सरळ. तोवर लोकांना सांग, दाराकडे बघू नका."

दुपारपर्यंत! आणि इथे रस्त्याच्या टोकाला एक गाडी थांबली होती. तिच्यातून कल्याण अधिकारी उतरले. कडक इस्त्रीचे कपडे, डोळ्यांत पाणी आणि एक गाल असा सुजलेला की वाटावं तोंडात लिंबू धरलंय.

एकच मार्ग उरला होता. दाराला कमरेखालचं दिसत नाही. कुत्र्या-मांजरांसाठी ते उघडत बसू नये म्हणून तशी सोय आहे. म्हणजे बसून, रांगत गेलं तर दाराच्या लेखी आपण नाहीच, आणि आपण नाही म्हणजे दार उघडं!

मी भर रस्त्यात गुडघ्यावर बसलो आणि रांगत आत गेलो. मागून बायको रांगत आली, डोक्यावर देठांची फुलदाणी धरून. लग्नानंतर आम्ही दोघं एका दिशेने इतक्या एकमताने कधी गेलो नव्हतो.

"आता या अधिकाऱ्यांचं काय?" मेव्हणीने विचारलं. "त्यांना काय सांगायचं? रांगा?"

"मी बघते," म्हणत सासूबाई उठल्या. दारापासून चार हात लांब उभ्या राहून त्यांनी खणखणीत आवाज दिला, "या साहेब! वाकून या! अगदी खाली!"

"आँ?" अधिकाऱ्यांनी गालावर हात ठेवला.

"जंतू हो! वरच्या हवेत जंतू असतात. आमच्याकडे फार स्वच्छता! गुडघ्यावर या, म्हणजे बाहेरचे जंतू बाहेर!"

दाढदुखी माणसाला काय काय करायला लावते! त्या भल्या माणसाने खिशातला रुमाल जमिनीवर अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि रुमाल पुढे सरकवत, कण्हत, आत आला. मी मान खाली घातली. हसू येत होतं म्हणून नाही. थकलो होतो हो!

मेव्हणीने त्यांना खुर्चीत बसवलं. दिवा लावला, तोंडात बघितलं, म्हणाली, "काढावी लागेल," आणि सुई उचलली.

सुई बघताच कल्याण अधिकारी खुर्चीतून उठले आणि गळ्यातल्या फडक्यासकट दाराकडे धावले!

दार मिटलं.

ते दचकून मागे आले. दार उघडलं. पुन्हा धावले. मिटलं! मागे आले, उघडलं! बाजूने जाऊन पाहिलं, पाठमोरं जाऊन पाहिलं. रांगत जावं हे काही त्यांना सुचलं नाही. घाबरलेला माणूस उभ्यानेच पळतो. आम्ही चौघं भिंतीला टेकून नुसते बघत होतो. एका बाजूला मेव्हणीचा दवाखाना बुडत होता, दुसऱ्या बाजूला माझं सासर. मी मनात राजीनामा लिहायला घेतला. तोही दोन ओळींचा.

शेवटी अधिकारी दमले. घामाघूम होऊन खुर्चीत येऊन पडले, डोळे मिटले आणि आ केला. मेव्हणीने दाढ काढली. इतक्या हलक्या हाताने काढली, की त्यांनी डोळे उघडून विचारलं, "सुरुवात कधी करणार?"

तिने ताटलीतली दाढ दाखवली.

मग ते बराच वेळ कधी दाढेकडे, कधी दाराकडे बघत बसले. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, माफ करा. दारात थोडा बिघाड आहे. दुपारपर्यंत दुरुस्त होईल."

"दुरुस्त?" ते कापसातून गरजले. "कशाला दुरुस्त?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे दरवर्षी दातांची तपासणी ठेवतो. दरवर्षी माणसं खुर्चीपर्यंत येतात आणि सुई दिसली की पसार होतात! डॉक्टर बदलले, जागा बदलली, शेवटी फाटकावर पहारेकरी ठेवला. तर तोच पहिला पळाला! असं दार आम्ही शोधत होतो." मग मेव्हणीकडे वळून म्हणाले, "हात तुमचा चांगला आहे, बाई. सगळे कामगार इथेच पाठवतो. पण दाराला कुणी हात लावायचा नाही!"

कामगारांना काय हवंय हे कुणी विचारलं का? नाही. त्यांच्या कल्याणासाठी अधिकारी नेमलाय, मग त्यांना कशाला विचारायचं!

मेव्हणी रडायला लागली. आनंदाने. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, दार छान बसवलंत हो!" मी पुन्हा नातेवाईक झालो.

पण यातली गोम कुणाच्या लक्षात आली नाही. दुपारी दारवाल्यांनी प्रोग्राम सुधारला आणि आमची सगळी दारं शहाण्यासारखी उघडायला लागली. फक्त एक सोडून. त्या एका दारासाठी माझी दोन ओळींची घाण, त्या पहाटेची, जशीच्या तशी जपावी लागते. त्यासाठी जुन्या कर्नलची, दाराच्या जुन्या प्रोग्रामसकट, एक वेगळी आवृत्ती काढली आहे. तिचा सांभाळ करणारा मीच. जुन्यात कुठली बारीक दुरुस्ती आली की ती उचलून त्याहून जुन्यात बसवायची, आणि प्रत्येक वेळी बघायचं की दार अजून नीट बिघडलेलं आहे ना! परवा एक दुरुस्ती बसवताना ते चुकून व्यवस्थित उघडलं, तर मेव्हणीचा लगेच तक्रारीचा फोन. "भाऊजी, एक जण पळाला!"

कासवाने या वेगळ्या आवृत्तीवरही सही केली. "ठीक," म्हणालं. त्याला बढती मिळाली आहे.

गेल्या आठवड्यात माझी स्वतःची दाढ ठणकायला लागली. बायको म्हणाली, "घरचीच डॉक्टर आहे, जा की!" मी हो म्हणालो आणि गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाला एका अनोळखी डॉक्टरकडे गेलो. त्याच्या दाराला कडी होती. आत शिरण्याआधी मी ती चारदा लावून, काढून बघितली.