मिरचीवरची तपासणी

सर्वेशच्या डोळ्यांचं लेझर ऑपरेशन झालं आणि मुलुंडच्या त्याच्या बिल्डिंगची पार निराशा झाली. पट्टी नाही, टाका नाही, चष्माही गेलेला. सकाळी गेलेला मुलगा दुपारी स्वतःच्या पायांनी जिना चढून आला.

"अरे, पण कापलं कुठून?" शेजारच्या माधुरीकाकूंनी विचारलं.

"बाजूला बारीकशी चीर असते. लेझरने आतल्या आत पातळ चकती कोरतात आणि त्या चिरेतून ओढून काढतात. बस्स!"

"डोळ्यातून? आणि दुखलं नाही? बघू, बघू!"

मग काय, एकेक जण येऊन सर्वेशच्या डोळ्यांत डोकावून गेला. एकाने तर मोबाइलचा टॉर्च पेटवला, तो सर्वेशच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, हिसकावूनच घेतला. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सकाळीच कोरलेले डोळे आणि एवढ्या लोकांच्या नजरा!

संध्याकाळी त्यांनी मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या सर्वेशवरून ओवाळल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. डॉक्टरांनी धूळ-धुरापासून जपायला सांगितलं होतं, म्हणून घराच्या खिडक्या त्यांनी आधीच घट्ट लावून घेतल्या होत्या. धूर जाणार कुठे?

"आई, वाट लागली!" सर्वेश ओरडला. डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि डोळे चोळायची सक्त मनाई. रुक्मिणीबाईंनी खोकत खोकत त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. बाबांनी खिडक्या उघडून हॉस्पिटलला फोन लावला.

"स्वयंपाक चालला होता का?" डॉक्टर दर्शनांनी विचारलं.

"नाही हो. दृष्ट काढत होतो."

"लगेच घेऊन या."

रिक्षातही रुक्मिणीबाईंनी सर्वेशचे हात सोडले नाहीत. आपल्याच हाताने पोराचे डोळे घालवले, असंच त्यांना वाटत होतं.

डॉक्टरांनी सर्वेशची हनुवटी मशीनवर टेकवून बराच वेळ निरखलं. "चीर शाबूत आहे. काही झालेलं नाही." मग त्यांनाच राहवेना. "काकू, मिरच्यांचा ठसका लागला का?"

"सगळ्यांना! माधुरीच्या घरापर्यंत!"

"माझी आजी म्हणायची, ठसका लागला म्हणजे दृष्ट लागलेलीच नव्हती. उगाच केलंत की!"

"उगाच कसं?" पदराने डोळे पुसत रुक्मिणीबाई म्हणाल्या. "तेच तर बघायचं होतं. तुम्ही मशीनवर बघितलंत, मी मिरचीवर. दोन्हीकडे रिपोर्ट नॉर्मल!"