दिगूकाकांची तारीख

कोर्टाने पुढची तारीख दिली की लोकांचे चेहरे पडतात. आमच्या शेजारच्या दिगूकाकांचा खुलायचा. "भेटली तारीख," असं ते रोह्याच्या कोर्टातून पेणला परत आल्यावर आख्ख्या आळीला सांगत, जणू लग्नाचा मुहूर्त निघाला.

तारखेच्या आदल्या दिवशी सदरा इस्त्रीला. सकाळी गुळगुळीत दाढी, केसांना खोबरेल. सोबतीला मी, कारण त्यांना रोह्यात एकटं सोडायचा माझा धीर होत नसे.

काका सडेफटिंग. रोह्याच्या कंपनीत कामाला जाताना गाडीत त्यांना शालनबाई भेटल्या. विधवा, रोह्यातल्याच एका दवाखान्यात नोकरी. दोघांचं जमलं आणि कित्येक वर्षं छान चाललं. थंडीत काका गडब गावच्या शेतात पोपटी लावत. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, वरून जाळ. मडकं उघडलं की पहिला डबा शालनबाईंचा, मग आम्ही. तो वास आठवला की अजून जीव हळहळतो. तेव्हाच्या काकांइतका सुखी माणूस मी पाहिला नाही.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "आता पुरे." काकांना ते ऐकू आलं, पण पटलं नाही. रोज संध्याकाळी त्यांच्या फाटकासमोर जाऊन उभे. "मी काय बोलतो काय? नुसता उभा ऱ्हातो," हा त्यांचा बचाव. अहो, उभे राहता हीच तर तक्रार! शेवटी बाईंनी तात्पुरता मनाई हुकूम आणला. घराकडे, दवाखान्याकडे फिरकायचं नाही, संपर्क ठेवायचा नाही. काकांनी हरकत घेतली.

पहिल्याच तारखेला हा माणूस पोपटीचा डबा घेऊन कोर्टात हजर. "बाईंना द्यायचा हाय." वकिलांनी कपाळाला हात लावला. शेवटी तो डबा आम्ही तिघांनी आवारातच बसून संपवला. वकिलांनी तर दोनदा घेतलं.

पुढे प्रत्येक तारखेला काहीतरी निघे. कधी कागद घरी राहिले, कधी पोटात कळ आली. वकील वैतागले. मला मात्र उशिरा का होईना उमगलं. रोह्यात बाईंसमोर बसायला काकांना आता कोर्टाची खोली तेवढी उरली होती.

मागच्या खेपेला पुन्हा तारीखच मागायची होती. पुकारा व्हायच्या आधी शालनबाई माझ्यापाशी आल्या. "भाऊ, तारीख जवळ आली की मला झोप लागत नाय. अजून किती वेळा यायचं मी?" आवाज चढवला नाही त्यांनी. बाकाच्या दुसऱ्या टोकाला काका बसले होते. त्यांनी ऐकलं.

पुकारा झाला. काका उठले. "साहेब, माझी हरकत नाय. हुकूम कायम करा." वकील त्यांच्या सदऱ्याची बाही ओढत राहिले. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, काकांनी पुन्हा तेच सांगितलं.

बाई निघून गेल्या. काका बाकावरून हलेनात. मी म्हटलं, "चला, गाडी चुकेल."

"थांब जरा," ते म्हणाले. "त्यांना घरी पोचू दे. मागनं येतो असं वाटंल त्यांना."