मुबारकमामांनी लावलेला भाव

मुबारकमामांना जुनी गाडी दाखवली की ते बॉनेट उघडत नाहीत, टायर बघत नाहीत, मीटरकडे तर ढुंकूनही पाहत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात आणि दोन्ही तळव्यांनी फोम दाबत राहतात. मग निकाल लागतो.

"लाखाच्या वर पळालीय. मालक डाव्या अंगावर रेलून बसतोय. म्हंजी फोनवर बोलत गाडी चालवतोय."

हे त्यांनी माझ्या गाडीत बसून, माझ्या बायकोसमोर सांगितलं. त्या दिवशी घरी जे व्हायचं ते झालं.

कुपवाडच्या एमआयडीसीच्या कोपऱ्यावर मामांचं सीट कव्हर शिवायचं दुकान आहे. एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे, आणि गिऱ्हाइकाला बसायला कुठल्याशा जीपचा मागचा बाक. मामांनी साठी ओलांडली, मामी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा दुबईत असतो. दुकानाच्याच वर एका खोलीत ते एकटे राहतात आणि दिवसभर मशीनशी बोलतात. "मेकॅनिक खोटं बोलंल, मीटर बी मागं फिरवत्यात," असं त्यांचं म्हणणं, "पर सीट खोटं बोलत न्हाई."

आमच्या भागात कुणालाही जुनी देऊन नवी गाडी घ्यायची असली, की आधी मामांकडं जायचं. पैसे घेत नाहीत, पण नियम त्यांचे. गाडी धुवायची, पॉलिश मारायचं नाही. "न्हाऊ घाला, नटवू नका." शोरूमला जायच्या आधी बाहेरच्या दोन दलालांकडून भाव लिहून आणायचा. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे नवीचा भाव पक्का होईस्तोवर जुनीचं नावही काढायचं नाही.

"का म्हाईत हाय? हिकडं जुनीचं धा हजार वाढवून देत्यात, आन तिकडं नवीतली सूट गपचूप काढून घेत्यात. तुमी आपलं पेढं वाटत घरला!"

आम्हाला गाडी बदलायची होती ती आईच्या गुडघ्यांसाठी. जुनी गाडी बुटकी. तिच्यातून बाहेर पडताना आई माझ्या बायकोच्या गळ्यात हात टाकायची आणि सासूसुना दोघीही रडकुंडीला यायच्या. उंच गाडी हवी होती. बँकेनं जेवढं कर्ज दिलं त्याच्या वर माझी झेप नव्हती, तेव्हा सगळं अडलं होतं जुनीच्या भावावर.

मामांना सोबत घेऊनच शोरूम गाठलं. तिथं नवीचा भाव ठरला, अगदी मामांच्या नियमानं. मग जुनीचा विषय निघाला. त्यांचा तपासनीस गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि मॅनेजर म्हणाले, "सव्वा लाख. जास्तीत जास्त."

दलालांनी पावणेदोन सांगितले होते. मी मामांकडे पाहिलं. आता मामा कडाडणार!

"तुमच्या कागदात काय काय खोट लिवलीया?" मामांनी शांतपणे विचारलं.

"ओरखडे, मागचा बंपर..."

"लिवून घ्या मग. क्लच प्लेट वर्सभरात बदलावी लागंल. एसी दुपारी दमतोय. आन फुडचं डावं दार रंगवल्यालं हाय, उसाच्या ट्रॉलीनं घासलं हुतं."

दाराची गोष्ट त्या तपासनीसाला दिसलीच नव्हती. ती दिसू नये म्हणून तर मी गाडी डावी बाजू भिंतीकडं करून लावली होती. मी टेबलाखालून मामांच्या पायावर पाय दिला.

"पाय का देतोस रं सुरेश?" मामा सगळ्या शोरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तो रिकामा होता.

"वाईट झालं सांगून," मामा पुढं म्हणाले. "आता चांगलं ऐका. चारी टायर नवं. बॅटरी सा म्हैन्यांची. सगळी सर्व्हिसिंगची बिलं ह्या पिशवीत. गाडी कुठं ठोकल्याली न्हाई. आन हे दोन दलालांचं भाव, लिवून आणल्यात. ह्यातलं एक जरी खोटं निघालं तर कुपवाडला या आन माझं मशीन उचलून न्या."

तपासनीस उठून बाहेर गेला. दारावर बोटांनी टकटक केली, वाकून पाहिलं, परत आला. "साहेब," तो मॅनेजरना म्हणाला, "माझ्या नजरेतून सुटलं होतं. बाकीचंही हे सांगतात तसंच असेल."

मॅनेजर आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. मामा कोपऱ्यातल्या सोफ्याची शिवण तपासत बसले. "दोरा हलका वापरलाय गड्या," एवढंच म्हणाले. शेवटी मॅनेजर आले. एक लाख सत्तर, एक्स्चेंजचा बोनस वेगळा.

"दाराचं पाच हजार कमी झालं," मामा मान डोलावत म्हणाले. "बराबर हाय."

बाहेर आल्यावर मात्र मला राहवेना. "मामा, दाराचं सांगायची काय गरज होती? पाच हजार गेले की!"

"आरं, ही गाडी उद्या कोनतरी घेणार. त्येच्या बी घरात म्हातारी असंल. ती त्याच दाराला टेकून बसंल. तिला ठावं नगं व्हय?"

मी गाडी भिंतीजवळून बाहेर काढली.

आठ दिवसांनी नवी गाडी ताब्यात मिळाली. जुन्या गाडीतून आम्ही सहा जण गेलो होतो. मी, बायको, आई, दोन पोरी, आणि पोरींच्या मध्ये अंग चोरून मामा. हार घातला, नारळ फोडला, फोटो मामांनीच काढला. त्यामुळं ते त्यात नाहीत. नव्या गाडीची सीटं पाच.

"व्हा फुडं," मामा म्हणाले. "माझं हितंच मार्केटात काम हाय."

आम्ही गणपतीच्या दर्शनाला निघालो. दोन चौक गेल्यावर आई म्हणाली, "आरं, रविवारचं मार्केट कुठलं उघडं असतंय? फिरव गाडी!"

मामा शोरूमच्या मागच्या आवारात सापडले. आमच्या जुन्या गाडीपाशी उभे राहून ते तिथल्या माणसाला सांगत होते, "मागली काच वर घेताना हाताचा आधार द्या, न्हाईतर आडकती."

आई पुढची जागा सोडून उतरली, कुणाच्या गळ्यात हात न टाकता, आणि मागं पोरींना मांडीवर ओढून बसली. "मुबारक, बस फुडं."

मामा बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. कशालाही हात लावला नाही. मी विचारलं, "मामा, नवी गाडी कशी वाटते?"

"कसं सांगू? पैल्यांदाच बसतोय."

"आजवर एवढ्या लोकांना गाड्या घेऊन दिल्यात की!"

"व्हय. पर नवी मिळाली की लोक घरला जात्यात रं. माझ्याकडं येत्यात ते सीट फाटल्यावर."

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. दर्शन करून परतताना मिरज रोडला कुपवाडचा फाटा आला तशी मी गाडी हळू केली. "हितं सोडलं तरी चालंल," मामा म्हणाले, पण त्यांचा हात काही दाराकडं गेला नाही.

मागून आई म्हणाली, "सरळ घे. मिरजेला जाऊन येऊ."

मी सरळ घेतली.